रातपाळीचे ओलीत सुटेल काय?
(ऊन, ऊस आणि विहीर यांचा हिशेब)



रब्बीच्या दिवसांत देऊळगाव राजाहून सिंदखेड राजाकडे रात्री उशिरा निघालेल्या माणसाला दोन्ही अंगांच्या शिवारात बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतात. नवख्याला वाटावे, काही शोधाशोध चालली आहे. आपल्याला ठाऊक आहे की ते ओलीत आहे. लाइन रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीचे. थंडीने हातपाय आखडलेले, पायात चिखल, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. वाफ्याच्या कडेला साप आहे की विंचू, ते पाय पडल्यावरच कळायचे.

सकाळी पारावर भेट झाली की बोलणे ठरलेले असते.

"काऊन भाऊ, डोळे लाल दिसून राह्यले?"

"रातभर लाइनीच्या मागं होतो ना दादा. बारा वाजता आली, घंटाभरात गेली. मंग तीनला आली तर एक फेज नाही. गव्हाचं सोडा, माह्या जिवाचंच ओलीत झालं."

हसण्यावारी नेले तरी हे बोलणे हसण्यासारखे नाही. शेतीच्या विजेची वाटणी वर्षानुवर्षे अशीच चालत आली. आठवड्यातले काही दिवस दिवसा लाइन आणि उरलेले दिवस रात्री. राज्य सरकारने २०२४ च्या जुलैत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत केली. ठीक झाले. पण फुकटची लाइन रात्री दोनला आली, तर तिची किंमत झोपेत आणि जिवाच्या भीतीत मोजावी लागतेच.

म्हणून या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. कोळसा जाळून वीज करण्याचे प्रमाण कमी करायचे आणि ऊन, वारा, पाणी, पिकांचा पालापाचोळा यांपासून वीज व इंधन करायचे, असे देशाने ठरविले आहे. हा विषय दिल्ली-मुंबईच्या मोठ्या लोकांचा वाटतो. पण त्याची एक वाट आपल्या कारखान्याच्या बॉयलरमधून जाते आणि दुसरी आपल्या विहिरीवरून. तेव्हा हिशेब आपणच मांडलेला बरा.

देशाने काय ठरविले?

महाराष्ट्राला बिनकोळशाची वीज नवी नाही. खोपोलीला पाण्यावर तयार झालेली वीज १९१५ सालीच मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. पुढे कोयनेने राज्याचे निम्मे अंधार हटविले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पण मागणी वाढत गेली तसा भार कोळशावर पडला. आपल्याच विदर्भात चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे, आणि वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या खाणींवर हजारो घरांच्या चुली पेटतात.

१९७३ आणि १९७९ साली जगात खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा प्रथम आपल्याकडे सगळ्यांचे डोळे उघडले. १९८१ साली केंद्राने ऊर्जेच्या पर्यायी साधनांसाठी आयोग नेमला, १९८२ साली त्यासाठी वेगळे खाते केले. गावोगाव गोबरगॅसची संयंत्रे बसली ती त्याच काळात. काही चांगली चालली. काहींच्या टाक्यांत पुढे कोंबड्या डालल्या गेल्या, तेही आपण पाहिले. कारण उघड आहे. यंत्र बसवायला अनुदान मिळाले, पण बिघडले तर दुरुस्तीला कोणाला बोलवायचे ते ठरलेले नव्हते. हा धडा पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

२०२१ साली ग्लासगोच्या जागतिक परिषदेत भारताने सांगितले, की २०३० पर्यंत कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची क्षमता पाच लाख मेगावॅट करू, आणि २०७० पर्यंत हवेत सोडला जाणारा व शोषला जाणारा कार्बन यांची वजाबाकी शून्यावर आणू. जून २०२५ अखेर देशाची एकूण क्षमता सुमारे ४ लाख ८४ हजार मेगावॅट होती, आणि तिच्यातली निम्मी बिनकोळशाची झाली होती. त्यात मोठी धरणे आणि अणुवीजही धरली आहे.

मात्र येथे एक गोम आहे. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नव्हे. सूर्य मावळला की सौर पट्टे झोपतात. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते. म्हणून प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा दहात सातांच्या वर राहिला आहे. गोठ्यात दहा जनावरे बांधली म्हणून दहाही दुभती असतात असे नाही, तसेच हे.

आणि कोळशाची वीज तरी भरवशाची आहे का? २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, पाणी नव्हते. वाफ करायला आणि यंत्र थंड ठेवायला पाणी लागते. ज्या मुलखात माणसाला प्यायला टँकर लावावा लागतो, तिथे हा सवाल साधा नाही.

चिपाडातली वीज

आता कारखान्याच्या आवारात या. गव्हाणीत पडलेल्या एक टन उसातून साखर मिळते साधारण एक क्विंटल, उताऱ्याप्रमाणे थोडी कमी-जास्त. त्याशिवाय पावणेतीन ते तीन क्विंटल बगॅस, चाळीस-पंचेचाळीस किलो मोलॅसिस आणि पस्तीसएक किलो प्रेसमड मिळतो. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली, प्रवरानगरचा पहिला हंगाम १९५० साली निघाला, तेव्हा बगॅस म्हणजे बॉयलरचे सरपण एवढाच हिशेब होता. जुने बॉयलर कमी दाबाचे, एकवीस किंवा बत्तीस किलोचे. त्यांत बगॅस जाळून कारखान्यापुरती वाफ आणि वीज झाली की काम भागले. उरलेल्या बगॅसचा ढीग कुठे लावावा, हीच काळजी असे.

नव्या बॉयलरचा दाब सदुसष्टपासून एकशे दहा किलोपर्यंत असतो. तेवढाच बगॅस, पण वाफ जोरकस. ती आधी टर्बाइन फिरवते, वीज तयार करते आणि मग तीच वाफ रस उकळायला जाते. एका जळणात दोन कामे होतात, म्हणून त्याला सहवीजनिर्मिती म्हणतात. चांगल्या प्रकल्पात कारखान्याची गरज भागून टनामागे साधारण शंभर युनिट वीज बाहेर विकता येते.

शंभर युनिट म्हणजे किती? पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली की तीसएक युनिट वीज खाते. म्हणजे एक टन उसाच्या चिपाडावर तुमच्या विहिरीचे तीन दिवसांचे ओलीत होते. ऊस गेला, साखर झाली, आणि चिपाडाने वर पाणीही पाजले.

मग सगळे सोन्याचेच आहे का? नाही. असा प्रकल्प म्हणजे कोट्यवधींचे कर्ज. वीज विकली जाते ती कराराच्या दराने, आणि उन्हाची वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळू लागल्यापासून वीज घेणाराही घासाघीस करतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा. ऊस कमी आला की टर्बाइन थांबते, कर्जाचे व्याज थांबत नाही. दुसरबीडच्या जिजामाता कारखान्याची चिमणी थंड पडलेली या भागाने पाहिली आहे. कारखाना बंद पडला की काय होते, ते येथे कोणाला शिकवायला नको.

तरीपण चिपाडाच्या विजेच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि दिवेलागणीला संपते. गावागावांत दिवे, पंखे, गिरण्या यांची मागणी नेमकी तेव्हा वाढते. बगॅसचा बॉयलर रात्रीही पेटलेला असतो. म्हणून ऊन आणि ऊस या एकमेकींच्या सवती नव्हेत, एका घरातल्या जावा आहेत. एकीने दिवसाचे पाहावे, दुसरीने रात्रीचे. वीज घेणाऱ्याने रात्रीच्या युनिटला रात्रीचा भाव द्यावा, ही सहकारी कारखान्यांची मागणी रास्त आहे.

पेट्रोलच्या टाकीतला ऊस

दुसरी वाट इथेनॉलची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला, पण दहा वर्षे रडतखडत चालला. २०१३-१४ साली मिश्रण अवघे दीड टक्का होते. २०१८ सालच्या जैवइंधन धोरणानंतर वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ साली वीस टक्क्यांपर्यंत मजल गेली.

टनभर उसाच्या रसाचे थेट इथेनॉल केले तर सुमारे सत्तर लिटर निघते. साखर पूर्ण काढून घेतल्यावर उरलेल्या मोलॅसिसपासून केले, तर टनामागे दहाएक लिटर. साखरेचे भाव पडले असतील तर रस तिकडे वळवावा, चढले तर साखर करावी, अशी सोय झाली. गोदामात साखर पडून राहण्यापेक्षा तेल कंपन्यांकडून पैसा लवकर येतो आणि उसाचे बिल वेळेवर निघते. हा फायदा खरा आहे.

पण सरकारी धोरण म्हणजे मृगातला पाऊस. ७ डिसेंबर २०२३ रोजी, भर हंगामात, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसाचे इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पुढे काही प्रमाणात मुभा दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठविले. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढविल्या होत्या त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. त्याच सुमारास मक्याचे इथेनॉल पुढे सरकले. २०२४-२५ साठी मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर होता, तर उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. आपल्या भागात मका पेरणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांनी हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण मक्याला उसाइतके पाणी लागत नाही.

प्रेसमडही आता केवळ खत राहिला नाही. शंभर टन प्रेसमडापासून तीन-चार टन गॅस मिळतो आणि खत उरतेच. २०१८ साली केंद्राने असा गॅस तेल कंपन्यांनी विकत घेण्याची योजना काढली. आपल्या जुन्या गोबरगॅसचाच हा थोरला भाऊ.

एक कडू हिशेब

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, मग ती साखर कारखान्याच्या पत्रिकेत शोभो न शोभो. एकरी चाळीस टन ऊस धरला, तर बगॅसमधून विकण्याजोगी वीज निघते वर्षाला चार हजार युनिट. तोच एकर सौर पट्ट्यांखाली घातला तर निघते सुमारे तीन लाख युनिट. पाणी लागते ते फक्त पट्टे पुसायला. तेव्हा "वीज करायची म्हणून ऊस लावा" असे कोणी सांगत आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. ऊस लावायचा तो पाणी असेल तिथे आणि साखरेसाठी. वीज, इथेनॉल, गॅस ही त्याची वरकड कमाई. वरकडीच्या लोभाने मूळ विहीर आटवू नये.

आपली खडकपूर्णा काही कृष्णा-कोयना नव्हे. देऊळगाव मही जवळ संत चोखासागर झाला, त्याने पुष्कळ गावांना आधार दिला. पण पाऊस हात आखडता घेतो त्या वर्षी त्याच पाण्यावर पिण्याचा हक्क पहिला, शेताचा मागाहून.

विहिरीवरचा सूर्य

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रातपाळीचे ओलीत सुटेल काय?

दोन वाटा आहेत. पहिली, शेतात स्वतःचा सौर पंप. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ साली. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप असे ढोबळ मान आहे. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी बसविणाऱ्या कंपनीवर, आणि विमाही आहे. फायदा एकच पण लाखमोलाचा: पाणी दिवसा. ढग आले की पाणी मंदावते, पट्ट्यांवर धूळ बसली की पाणी कमी होते, रात्री मात्र निवांत झोप.

दुसरी वाट वाहिनीची. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. यात उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारून त्या उपकेंद्रावरच्या शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा, तीन मेगावॅटचा, २०२४ साली चालू झाला. यात शेतकऱ्याला शेतात काही बसवायचे नाही. जुनीच मोटर, जुनाच स्टार्टर, फक्त लाइन दिवसाची.

दोन्हींत डावे-उजवे आहे. स्वतःच्या पंपाला डीपी जळण्याची धास्ती नाही, पण बिघडला तर एकट्याने निस्तरायचे आणि पट्ट्यांची राखणही करायची. वाहिनीत राखण नाही, पण तार तुटली की वायरमनची वाट पाहणे आले.

जमीन कोणाची, बाभळी कोणाच्या?

वाहिनीच्या प्रकल्पाला जमीन लागते. एका मेगावॅटला चार-पाच एकर. भाडे हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार, घरबसल्या. मुरमाड जमिनीला हे वाईट नाही. पण करार लांब मुदतीचा असतो. आज सही करणाऱ्याच्या नातवाला जमीन मोकळी मिळणार. सातबारावर भावांची नावे आहेत का, बोजा आहे का, मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट कोण उचलणार, हे आधी विचारावे.

गायरानाचे तर आणखी नाजूक आहे. कागदावर ती पडीक जमीन असते. गावात मात्र तिच्यावर कोणाच्या चार शेळ्या जगतात, कोणाचे सरपण तिथून येते. भूमिहीन माणसाला सौर पंपही मिळत नाही आणि वाहिनीची वीजही कामाची नाही. त्याची शेळीची वाट मात्र बंद होते. ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा त्याचे म्हणणे आधी ऐकावे. सहकार म्हणतात तो याला.

विहीर बोलत नाही

आणि सर्वांत मोठी गोष्ट. आजवर विहिरीची राखण कोणी केली असेल तर ती लोडशेडिंगने. लाइन नव्हती म्हणून पाणी उरले. आता सूर्य बिल मागत नाही, मोटर दिवसभर चालेल. बटन दाबले की पाणी, आणि बंद करायचे कारणच नाही. आपण उपसला तेवढा शेजाऱ्याचा झरा तुटतो. मग तो खोल बोअर घेतो, मग आपण त्याहून खोल. उन्हाळ्याअखेर दोघांचेही पट्टे लखलखीत आणि विहिरीत खडक उघडा.

आपल्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकविणारे शेतकरी थेंबा-थेंबावर लाखांची पिके काढतात. पाणी मोजून वापरायचे शिक्षण घ्यायला परदेशी जायला नको, शेजारच्या बांधावर जावे. उसालाही ठिबक लावला पाहिजे, आणि सौर पंप घेणाऱ्याने तर त्याच दिवशी लावला पाहिजे.

ध्यानात ठेवण्याजोगे

१. सौर पंपाचा अर्ज स्वतः करावा, पावती जपावी, मध्यस्थाच्या हाती रोकड देऊ नये.

२. पंप बसल्यावर दुरुस्तीचा फोन क्रमांक पेटीवर रंगवून घ्यावा. गोबरगॅसच्या टाक्यांची गत होऊ देऊ नये.

३. विहिरीची पातळी दिवाळीला, संक्रांतीला आणि पाडव्याला दोरीने मोजून वहीत लिहावी. तीन ओळींची वही, पण दहा वर्षांनी सोन्याची.

४. जमीन भाड्याने देताना करार घरातल्या शिकलेल्या लेकी-सुनेकडून वाचून घ्यावा आणि वकिलाला दाखवावा.

५. वार्षिक सभेत केवळ उसाच्या भावावर न थांबता बगॅस, वीज, इथेनॉल यांतून किती आले आणि कर्जात किती गेले, तेही विचारावे. विचारणारा सभासद हा कारखान्याचा वैरी नसतो.

बालाजी महाराजांच्या यात्रेत मंडपाच्या लाकडी लाटा उभ्या होताना आपण लहानपणापासून पाहतो. एकट्या पैलवानाचे ते काम नाही. शेकडो हात दोराला लागतात, आणि कोणी एका अंगाने जास्त ओढले तर लाट कलते. देशाचे हे नवे काम तसेच आहे. ऊन कोणाच्या बापाचे नाही, ते सगळ्यांच्या शिवारात सारखे पडते. पाणी मात्र तसे नाही. रातपाळीचे ओलीत सुटेल, नक्की सुटेल. दिवसा मिळालेल्या विजेने आपण विहीर किती उपसतो, त्यावर पुढचे ठरेल.